तिरप्या रेघेचे पैसे

नावापेक्षा नंबरावर जास्त जीव असलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्यात, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या बरोबर समोर राहतं. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि वर 'येथे सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी. त्यामुळे अर्ध्या पिंप्राळ्याची आधार कार्डं माझ्या डोळ्यांखालून गेली आहेत आणि कोणत्या बाईचं खरं वय काय, हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं. अक्काचं खरं नावही मला ठाऊक आहे. पण गल्लीत ते ठाऊक असलेला बहुधा मी एकटाच, कारण अक्काला कुणी नाव विचारलं की ती नंबर सांगते. हा नंबर मोबाइलचा नाही, घराचा नाही, गॅसच्या पुस्तकाचाही नाही. हा तिच्या प्रॉव्हिडंट फंडाचा, म्हणजे पीएफचा नंबर. सुरुवातीला दोन-चार इंग्रजी अक्षरं, मग आकड्यांची ही लांबलचक माळ, आणि अधूनमधून तिरप्या रेघा. अक्का त्या रेघांसकट म्हणते. डोळे मिटून, 'तिरपी रेघ, तिरपी रेघ' करत शेवटच्या आकड्यापर्यंत एका दमात जाते, आणि मधे कुणी टोकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. माझी बायको म्हणते, एवढ्या वेळात विष्णुसहस्रनाम झालं असतं. मी म्हणतो, विष्णूला पेन्शन नाही.

अक्का एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात कामाला होती. यंत्रावरून उतरलेल्या प्लास्टिकच्या चटयांच्या कडा शिवायच्या, घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे. पहिली कित्येक वर्षं ती ठेकेदाराच्या वहीत होती. वहीतलं नाव म्हणजे पाटीवरचं नाव, कधी पुसलं जाईल सांगता येत नाही. मग एकदाचं कंपनीच्या हजेरीपटावर नाव लागलं, पगारातून पीएफ कापायला लागले आणि एक दिवस नंबराची चिठ्ठी तिच्या हातात पडली. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. अक्काने घरातली मोठी पितळी परात उचलली आणि बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव कोरणारा मशीन घेऊन बसतो, त्याच्या पुढ्यात नेऊन आदळली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहेच. पंगतीत, भंडाऱ्यात भांडी इकडची तिकडे होतात, नाव असलं की फिरून घरी येतात. कोरणाऱ्याने विचारलं, नाव काय घालू? अक्काने चिठ्ठी पुढे केली. त्याने चिठ्ठी सुलटी-उलटी करून पाहिली, अक्काकडे पाहिलं आणि कोरायला घेतलं. भांडण झालं ते नंतर. तो अक्षरामागे पैसे घेतो, आणि त्याने तिरप्या रेघाही अक्षरात धरल्या होत्या. अक्का तिथेच मांडी ठोकून बसली. रेघ कोणत्या बाराखडीत शिकवतात, ते दाखव म्हणाली. रस्त्यावर गर्दी जमली, दुकानाचा शेठ बाहेर आला. "रेघना पैसा मी नही देस," या एका वाक्यापुढे अक्का सरकली नाही आणि शेवटी तो कोरणारा हरला. त्यानंतर वर्षानुवर्षं दर भांड्याला हेच भांडण होत आलं. त्याला लांबून अक्का दिसली की तो शेजाऱ्याला म्हणायचा, आली बघ फुकटच्या रेघांवाली, आणि हसत मशीनची वायर सोडवायला लागायचा.

अक्काच्या घरात परातीपासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळ्यावर तो नंबर आहे. गाळणीला जागा पुरली नाही तेव्हा दांड्यावर एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूने संपवलाय. लग्नकार्यात लोक आहेराच्या भांड्यावर 'अमुक यांजकडून सप्रेम भेट' असं घालतात. अक्काच्या आहेरावर नुसता नंबर. धुळ्याला तिच्या एका भाचीचं लग्न झालं, तेव्हा सासरच्या मंडळींनी आहेर मांडून पाहिले आणि एका स्टीलच्या डब्यावर कुणाचाच पत्ता लागेना. नवरदेवाच्या काकांनी डोकं लढवून त्यातले आकडे मोबाइलवर दाबून पाहिले. पलीकडून कुणीतरी हिंदीत बोललं. काकांनी त्याचे आहेराबद्दल मनापासून आभार मानले, जेवायला का थांबला नाहीत म्हणून रागावले, आणि पलीकडच्यानेही म्हणे सगळं ऐकून घेऊन मुलामुलीला आशीर्वाद दिला.

भेटलं की माणसं 'कसं काय' विचारतात. अक्का विचारते, "तुनं कापतस का?" म्हणजे तुझा पीएफ कापतात का. हो म्हणणाऱ्याला ओट्यावर जागा आणि चहा मिळतो. नाही म्हणणाऱ्यालाही चहा मिळतो, पण त्याआधी तासभर उपदेश मिळतो. मला ती आजही विचारते आणि मी आजही सांगतो की अक्का, माझं स्वतःचं दुकान आहे, माझं कोण कापणार? मग ती अशा किवेने माझ्याकडे पाहते, की दुकानात चार गिऱ्हाइकं असूनही मला अनाथ झाल्यासारखं वाटतं. मुलासाठी मुलगी पाहायला ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात गेली होती. मी सोबत होतो. मुलीला स्वयंपाक येतो का, शिवणटिपण येतं का, काही विचारलं नाही. मुलीच्या वडिलांना गाठून थेट विचारलं, "तुमनं कापतस का?" ते बिचारे दुसऱ्याच्या केळीच्या बागेत मजुरी करणारे. म्हणाले, कापतो ना, सध्या बाग कापणीलाच आलाय. अक्का एवढी खूश झाली की मी मधे पडून खुलासा करीपर्यंत तिने सुपारी फोडायची भाषा सुरू केली होती. खुलासा झाला तेव्हा ती म्हणाली, असू दे, पोर चांगली आहे.

पोर खरंच चांगली होती. आणि त्या पोरीलाही चांगलंच घर मिळालं, कारण अक्काच्या घरात कारखान्याचे कायदे चालतात. रविवारी साप्ताहिक सुटी. सुटी म्हणजे अक्का चूल पेटवत नाही, देवाला सांगून ठेवते आणि पाय पसरून ओट्यावर बसते. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी नवी सून पहाटे उठून अंग धुऊन स्वयंपाकघरात शिरली, तर सासूबाईंनी हाताला धरून परत अंथरुणावर नेऊन बसवलं. "आज मनी हक्कनी सुटी शे. तुनीबी शे." सून बावरली. तिला वाटलं, आपलं काही चुकलं म्हणून काढूनच टाकलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. आत नवरा खिचडी टाकत होता. हा अक्काचा मुलगा रिक्षा चालवतो आणि लहानपणापासून दर रविवारी खिचडी टाकत आलाय. गल्लीतल्या पुरुषांनी त्याला पुष्कळ चिडवून पाहिलं. त्याची खिचडी खाल्ल्यावर बंद केलं.

तुम्ही म्हणाल, बाई जरा चक्रमच दिसते. आहेच. पण तो नंबर भांड्यावर का गेला, ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तिला फार हसत नाही. हसतो, पण बेताने. अक्काचा नवरा धुळ्याकडे एका सूतगिरणीत होता. गिरणी बंद पडली, पुढे नवराही गेला. त्याच्या पीएफचे कागद एका पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटी मातीच्या भिंतीला टेकून. एक दिवस उघडून पाहिली तर वाळवीने आत भुगा करून ठेवलेला. अक्का लहान मुलाला कडेवर घेऊन कुठे कुठे फिरली. माणसं वाईट नव्हती, पाणी द्यायची, बसायला सांगायची, पण सगळ्यांचं म्हणणं एकच, बाई, नंबर सांगा, नंबराशिवाय शोधायचं कुठे? नंबर तिला ठाऊक नव्हता. नवऱ्यालाही पाठ नसावा. ते पैसे राहिले ते राहिलेच. ती मुलाला घेऊन जळगावला आली आणि चटईच्या कारखान्यात ठेकेदाराच्या वहीत लागली. हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं, तेही परातीवरचा नंबर चिंचेने घासता घासता, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "कागद उदई खाई जास, भाऊ. परात कोन खाई?"

असो. तर मग ती सरकारची योजना आली. घरच्या बाईच्या खात्यात दर महिन्याला सरकार पैसे टाकणार. माझ्या दुकानासमोर जी रांग लागली ती थेट पिठाच्या गिरणीपर्यंत. मी जेवायलासुद्धा उठत नव्हतो, बायको डबा आणून माझ्या तोंडासमोर धरायची आणि मी एका हाताने टाइप करत दुसऱ्या हाताने घास घ्यायचो. अशा गर्दीत अक्काची सून आली. तिला मी विचारलं, अक्काचा फॉर्म कुठाय? तर सून म्हणाली, त्या म्हणतात मला पगार आहे, आधी पोरीचं बघ. सुनेचा एवढा उत्साह मी कधी पाहिला नव्हता. एरवी बोलेल तर शपथ. त्या दिवशी रांगेत उभ्या उभ्या मला म्हणाली, "भाऊ, घरात मला कुणी काही कमी करत नाही. पण टिकलीचं पाकीट घ्यायचं तरी सांगून घ्यावं लागतं. एकदा तरी न सांगता काही घ्यावंसं वाटतं." मी म्हटलं, घेशील, बस. आणि फॉर्म भरायला घेतला.

एवढ्यात अक्काही येऊन माझ्या खांद्याशी उभी राहिली. एकेक रकाना मी वाचायचा, तिने हुंकार द्यायचा. घरात कुणी इन्कम टॅक्स भरतं का? नाही. घरी चारचाकी आहे का? इथे अक्का अडली. रिक्षेला चाकं तीनच, पण मागे एक जादा चाक ठेवलेलं असतं, ते धरतात का, असं तिने प्रामाणिकपणे विचारलं. मी म्हटलं, धरत नाहीत. रांगेतून आवाज आला, आवरा. मग रकाना आला, घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का? मी 'नाही' दाबणार, एवढ्यात अक्काने माझं मनगट धरलं. "हो लिख." मी म्हटलं, अक्का, तू चटईच्या कारखान्यात आहेस, सरकारी कशी? त्यावर तिने जे सांगितलं ते असं, की तिचा पैसा सरकारजवळ आहे, सरकारने तिला नंबर दिलाय, म्हातारपणी पेन्शनही सरकारच देणार, मग ती सरकारची नाही तर कुणाची? वर म्हणाली, सरकारच्या कागदावर खोटं लिहायचं नाही. रांग ओरडायला लागली होती, उन्हाने माझं डोकं तापलं होतं, नेट चाललं होतं ते कधीही जाईल अशी स्थिती. अशा वेळी शहाणा माणूस वाद घालतो आणि मूर्ख माणूस गिऱ्हाईक वाटेला लावतो. मी 'हो' दाबलं आणि पुढच्या बाईला बोलावलं. दहा मिनिटांत ते विसरूनही गेलो.

बाकीच्यांच्या खात्यात पैसे यायला लागले. अक्काच्या सुनेचा अर्ज 'तपासणीत आहे' असंच दाखवायचा. ती दर आठवड्याला यायची, मी दर आठवड्याला मोठ्या तज्ज्ञासारखा चष्मा वर करून स्क्रीन पाहायचो आणि म्हणायचो, येईल. पण पिठाच्या गिरणीवर बायकांनी कारण केव्हाच शोधून काढलं होतं. ज्या घरात पीएफ कापतात त्या घरातल्या बाईला पैसे मिळत नाहीत. कंपनीतल्या माणसाचं सगळं सरकारला दिसतं, मग सरकार कशाला देईल? कुणी म्हणालं, दिले तरी नंतर व्याजासकट परत घेतात. कुणी म्हणालं, अक्काने नंबर भांड्याभांड्यावर लिहून ठेवलाय, सरकारला कळणार नाही तर काय. अक्काच्या कारखान्यातल्या दोन बायकांनी तर कायमच्या पटावरून नावं काढून घेतली आणि पुन्हा ठेकेदाराच्या वहीत गेल्या. सून या गोष्टी ऐकायची आणि घरी येऊन एक अक्षर बोलायची नाही. पण सासूला काय बोलून दाखवावं लागतं? पोर टिकलीचं पाकीट घेताना अजून सांगून घेते, हे अक्का पाहत होती.

एका रविवारी दुपारी अक्का दुकानात आली. सुटीच्या दिवशी ओटा सोडून ती कुठे जात नाही, म्हणून मला नवल वाटलं. स्टुलावर बसली. मला 'तुनं कापतस का' विचारलं नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. बराच वेळ ती भिंतीवरचे लॅमिनेशनचे नमुने पाहत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, एक कागद लिखी दे. मनं नाव पटवरून काढी टाका म्हनी." मी विचारलं, का म्हणून? ती म्हणाली, "मनामुये पोरले भेटत नही ना." म्हणजे तिच्यामुळे सुनेला पैसे मिळत नाहीत. कोण म्हणालं? "लोके म्हनतस." नवऱ्याचा नंबर हरवला म्हणून जिने स्वतःचा नंबर स्टीलवर कोरून ठेवला, ती बाई सुनेच्या टिकलीच्या पाकिटासाठी तो पुसायला माझ्यापुढे बसली होती, आणि पेन्शनला किती दिवस उरलेत तेही तिला पाठ होतं. मी म्हटलं, अक्का, प्रिंटर बंद आहे. माझ्यामागे प्रिंटर घरघरत कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होता. तिने प्रिंटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उद्या आपण योजनेच्या कार्यालयात जाऊन विचारू. तिथल्या मॅडम म्हणाल्या तर मी स्वतः टाइप करून देईन, पैसेही घेणार नाही. फुकट म्हटल्यावर ती उठली.

दुसऱ्या दिवशी अक्का, सून आणि मी, तिघं त्या कार्यालयात गेलो. अक्काने रीतसर अर्धी रजा टाकली होती आणि दुपारचा डबा पिशवीत घेतला होता. मॅडमच्या टेबलाभोवती ही गर्दी. आमची पाळी आली, त्यांनी अर्जाचा क्रमांक टाकून पाहिला आणि विचारलं, "घरात सरकारी नोकरीत कोण आहे?" अक्का खुर्चीवरून उठून उभी राहिली. "मी." मॅडमने तिच्याकडे वर-खाली पाहिलं. कोणत्या खात्यात? अक्काने डोळे मिटले आणि नंबर सुरू केला. तिरपी रेघ, तिरपी रेघ. सगळं कार्यालय थांबून ऐकायला लागलं, आणि मला तेव्हा ती रांग, ते ऊन आणि माझं ते बोट एकदम आठवलं. मी पुढे होऊन सगळं सांगून टाकलं, की फॉर्म मी भरला, 'हो' मी दाबलं, बाई चटईच्या कारखान्यात आहेत. मॅडम आधी रागावल्या, मग हसल्या, मग अक्काला खुर्चीवर बसवून त्यांनी सावकाश समजावलं. "बाई, खासगी कारखान्यात पीएफ कापतात म्हणून कुणी सरकारी होत नाही, आणि त्यामुळे सुनेचं काही अडतही नाही. आम्ही बघतो सरकारी नोकरी, इन्कम टॅक्स, चारचाकी आणि घरचं उत्पन्न. तुमचं रेशन कार्ड केशरी आहे. पीएफचा प्रश्नच नाही." अक्काने ते ऐकलं आणि घाईघाईने रिक्षेच्या जादा चाकाची कबुली दिली. मॅडम म्हणाल्या, ते चाक आम्ही माफ केलं.

पण नुसतं तोंडी सांगून 'हो'चं 'नाही' होत नाही. कारखान्याचं नाव आणि पीएफ नंबर लेखी द्या, पुरावा दाखवा, असं त्या म्हणाल्या. मी पिशव्या चाचपायला लागलो. रेशन कार्ड होतं, आधार होतं, बँकेचं पुस्तक होतं, पगाराची पावती तेवढी घरी. आता परत पिंप्राळ्याला जायचं म्हणजे दिवस गेला. एवढ्यात अक्काने पिशवीतून डबा काढला आणि मॅडमच्या कागदांवर ठेवला. झाकणावर नंबर, नंबराखाली कारखान्याचं नाव. मॅडमने चष्मा लावला, झाकण उजेडात धरलं आणि एकेक आकडा कागदावर उतरवून घेतला. मग कॉम्प्युटरवर कुठेतरी पाहिलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे. पावतीची झेरॉक्स नंतर आणून द्या, पण अर्ज मी आताच दुरुस्तीला घेते. अक्काच्या चेहऱ्यावर असं काही आलं की सांगता सोय नाही. इतक्या वर्षांनी, इतक्या टेबलांपुढे, कुणीतरी नंबर विचारला होता आणि तो तिच्याजवळ होता. डबा उघडाच होता, आतून भरिताचा आणि कळण्याच्या भाकरीचा वास सुटला होता. अक्काने अर्धी भाकर मोडून मॅडमच्या हातावर ठेवली. दुसऱ्या टेबलावरचे साहेबही उठून आले. मी आपला ठेच्यावर समाधान मानलं, कारण शिक्षा म्हणून माझ्या वाट्याला तेवढंच आलं. बाहेर पडल्यावर सून पहिल्यांदा सासूवर रागावली. मला न विचारता नाव काढायला निघालात? असे पैसे मला नकोत, म्हणाली. रिक्षेत बसेपर्यंत सून बोलत होती आणि मग रडायला लागली. अक्काने तिच्या हातात उरलेली अर्धी भाकर दिली.

पुढे पैसे आले. गल्लीला वाटलं, सून साडी घेईल. तिने कुणालाच सांगितलं नाही, हेच तर तिला हवं होतं. एका संध्याकाळी अक्काच्या पुढ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक स्टीलचा तांब्या ठेवला. त्यावर अक्काचं नाव कोरलेलं होतं. पूर्ण नाव, मराठीत, घोटीव अक्षरात. अक्काने माझ्याकडून वाचून घेतलं, मग स्वतः अंगठा फिरवून पाहिला. लग्नात तिच्या भांड्यांवर भावाचं नाव होतं, नंतर नवऱ्याचं, नंतर नंबर. स्वतःचं नाव तिने भांड्यावर कधी पाहिलं नव्हतं. मग पदराने नाक पुसलं आणि तांब्या उलटा करून बूड पाहिलं. "आनि नंबर कोठे शे?"

आता अक्का निवृत्त झाली आहे. पेन्शन सुरू झाली, पण कारखान्याचा भोंगा झाला की ती अजून दचकून उठते आणि पदर खोचते, मग आठवतं आणि ओट्यावर येऊन बसते. सकाळच्या वेळी तिचा डबा घेऊन लगबगीने जाणं दिसत नाही, त्यामुळे मलाही दुकान उघडायची वेळ नीट कळत नाही. गेल्या महिन्यात सून एका डाळमिलमध्ये लागली, थेट पटावर. लागण्याआधी माझ्याकडे येऊन विचारून गेली, आता योजनेचे पैसे बंद होतील का? मी या खेपेला बोट सांभाळून, सगळं नीट वाचून सांगितलं, की पीएफने बंद होत नाहीत, घरचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर होतील. अक्का ओट्यावरून ऐकत होती. म्हणाली, वर गेलं तर आपण होऊन सांगू, वर जाणं चांगलंच असतं.

सुनेचा नंबर आला त्या दिवशी अक्का तो तांब्या घेऊन बाजारात निघाली. मला सोबत घेतलं. कोरणारा तोच, केस तेवढे पिकलेले. तिला पाहून त्याने वायर सोडवायला घेतली आणि भांडणाच्या तयारीने बाह्या सारल्या. अक्काने सुनेची चिठ्ठी दिली. हल्लीचे नंबर म्हणजे नुसते आकडे, त्यात तिरप्या रेघा नसतात. अक्काने चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "एकबी रेघ नही?" मी म्हटलं, नाही. ती जरा खट्टू झाली. कोरणाऱ्याने विचारलं, हा खाली घालू का? अक्का म्हणाली, खाली नको, माझ्या नावाच्या ओळीतच घे. त्याने मशीन टेकवलं, तसा तिने त्याचा हात थांबवला.

"मधमा एक रेघ मार. तिना पैसा मी देस."

कोरणारा माझ्याकडे पाहायला लागला. मी दुसरीकडे पाहिलं. त्याने तिच्या नावापुढे एक लांब तिरपी रेघ ओढली आणि रेघेपुढे सुनेचा नंबर घातला. अक्काने कनवटीचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि त्याने ते खिशात टाकले. परत येताना तांब्या तिने पिशवीत घातला नाही, पदराखाली धरून आणला.